पॉपीचे फूल : एक वाचन

मृतांच्या स्मृतीसाठी माणसाने जी चिन्हे निर्माण केली त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही चिन्हे जमिनीत रोवली जातात, काही अंगावर धारण केली जातात. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमाभागात देवळाच्या आवारात किंवा गावाच्या वेशीपाशी जे वीरगळ उभे आहेत ते पहिल्या वर्गातले. तळच्या चौकटीत झुंजणारा किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची मांडणी आपल्या परिचयाची आहे. वाटसरू त्यांच्याकडे पाहो वा न पाहो, वीरगळाला त्याचे सोयरसुतक नसते. आपल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या छत्र्याही याच कुळातल्या. त्या उभ्या असतात. ज्याला थांबायचे असेल तो थांबतो.

अंगावर धारण केलेल्या चिन्हाचे तसे नाही. ते एकाच वेळी दोघांविषयी बोलते : जो गेला त्याच्याविषयी आणि ज्याने ते लावले आहे त्याच्याविषयी. म्हणूनच ते कोणी लावले तर का लावले, आणि न लावले तर का नाही लावले, असे दोन्ही प्रश्न उभे राहतात. ब्रिटनमध्ये आणि ब्रिटिश साम्राज्याच्या छायेखाली वाढलेल्या अनेक देशांत गेली शंभर वर्षे दर नोव्हेंबर महिन्यात छातीवर लावले जाणारे कागदी पॉपीचे लाल फूल हे अशा चिन्हाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. हे फूल श्रद्धेने लावणारे कोट्यवधी आहेत, त्याऐवजी पांढरे फूल लावणारे काही आहेत आणि कोणतेच फूल लावायचे नाही असा निश्चय केलेलेही आहेत. या सर्वांच्या भूमिका राजकीय आहेत असे समजले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु हा वाद मुळात वाचनाचा वाद आहे, एका कवितेचे कोणते कडवे खरे मानायचे याचा वाद आहे, असे माझे मत आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे ते यासाठीच.

ती कविता ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’. तिचा कर्ता जॉन मॅक्रे हा कॅनडाच्या सैन्यातला डॉक्टर. मे १९१५ मध्ये बेल्जममधील ईप्र शहराच्या परिसरात लढाई चालू असताना त्याचा तरुण मित्र अॅलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मारला गेला. त्याच्या दफनानंतर मॅक्रेने ही कविता लिहिली आणि ८ डिसेंबर १९१५ रोजी लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात ती प्रसिद्ध झाली. कवितेत बोलणारे आहेत ते मृत सैनिक. पहिल्या दोन कडव्यांत ते आपल्या थडग्यांमध्ये डोलणाऱ्या पॉपींविषयी, वर गाणाऱ्या पक्ष्यांविषयी आणि कालपरवापर्यंत आपणही जगत होतो, प्रेम करत होतो याविषयी बोलतात. येथवर ती निखळ विलापिका आहे. तिसऱ्या कडव्यात मात्र सूर पालटतो. शत्रूशी चाललेले आमचे भांडण तुम्ही पुढे चालवा, हातातून गळणारी मशाल तुम्ही उचला, तसे केले नाहीत तर आम्हांला झोप लागणार नाही, असा आग्रह मृतांच्या तोंडून जिवंतांना केला जातो.

अमेरिकन समीक्षक पॉल फसेल याने ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ (१९७५) या ग्रंथात या शेवटच्या कडव्यावर कठोर टीका केली आहे. भरतीच्या जाहिरातीला शोभेल अशी ही भाषा आहे, असा त्याचा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. तरीही मॅक्रेवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. १९१५ च्या मे महिन्यात युद्धाला वर्षही पुरे झाले नव्हते. ते आणखी साडेतीन वर्षे चालणार आहे हे मॅक्रेला ठाऊक नव्हते आणि ते संपलेले पाहणेही त्याच्या नशिबी नव्हते. जानेवारी १९१८ मध्ये फ्रान्समध्ये न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. मित्राच्या मृत्यूला काही अर्थ असलाच पाहिजे ही त्याची तडफड त्या कडव्यात आहे. दुःखाला अर्थ देण्याची घाई ही मानवी घाई आहे. पण कवितेपुरते बोलायचे तर त्या कडव्याने पहिल्या दोन कडव्यांतील मृतांना पुन्हा सैन्यात भरती केले, हे नाकारता येत नाही.

फुलाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण माळव्यातल्या वाचकाच्या मनात पॉपी म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते. मंदसौर, नीमच, रतलामकडे परवान्याने होणारी अफूची शेती आपण पाहिलेली असते. थंडी सरता सरता फुलणारी ती पांढरी फुले, नंतरची बोंडे, त्यांना दिलेल्या चिरा आणि शेवटी घरात येणारी खसखस. फ्लँडर्सची पॉपी ही तिची रानातली बहीण. रंगाने तांबडीभडक, अफूच्या दृष्टीने निरुपयोगी आणि शेतकऱ्याच्या लेखी तण. तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि माती खालीवर होऊन त्याला उजेड लागला की रुजते. तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी फ्लँडर्सची माती अशी काही उलथीपालथी केली की जिथे माणसे पुरली तिथेच फुले उगवली. या फुलाला प्रतीक होण्यासाठी कवीची फारशी गरज नव्हती. युद्धाने नांगरलेल्या जमिनीने ते काम आधीच केले होते.

कविता छातीवर आली ती दोन स्त्रियांमुळे. युद्धविराम होण्याच्या दोन दिवस आधी, ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, मोइना मायकेल या अमेरिकन अध्यापिकेने ही कविता एका मासिकात वाचली आणि यापुढे आपण स्मृती म्हणून लाल पॉपी लावू असा संकल्प केला. उत्तरादाखल तिने स्वतः एक कविताही लिहिली. फ्रान्सच्या अॅना गेरँ हिने पुढचे पाऊल टाकले. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या प्रदेशातील स्त्रियांकडून कापडी पॉपी करवून त्या विकायच्या आणि आलेला पैसा पीडितांसाठी वापरायचा ही कल्पना तिने देशोदेशी नेली. १९२१ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने ती स्वीकारली, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला ब्रिटनमध्ये पहिला पॉपी दिन झाला. त्या पहिल्या वर्षी १,०६,००० पौंड जमले. पुढच्या वर्षी मेजर जॉर्ज हाउसन याने अपंग सैनिकांना रोजगार मिळावा म्हणून लंडनमध्ये पॉपी तयार करण्याचा कारखाना काढला. पाय गमावलेला सैनिक मेलेल्या सैनिकाच्या स्मृतीचे फूल हातांनी तयार करतो आहे, या दृश्यातील करुणा कोणत्याही टीकेपेक्षा मोठी आहे. लाल फुलाच्या बाजूचा हा सर्वांत बलवान युक्तिवाद आहे. त्या फुलाने केवळ आठवण ठेवली नाही, पोटाला भाकरीही दिली.

तथापि त्या फुलाच्या काळ्या मध्यभागी कित्येक दशके दोन शब्द छापलेले असत : ‘हेग फंड’. फील्ड मार्शल हेग हा पश्चिम आघाडीवरील ब्रिटिश सेनापती. सोमच्या १९१६ च्या लढाईत पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक लोक मेले, तेव्हा सेनापतिपदी तोच होता. माजी सैनिकांसाठी त्याने युद्धानंतर मनापासून काम केले, हे खरे. तरीही ज्याच्या आज्ञेने मुलगा मेला त्याच्याच नावाचे फूल छातीवर लावताना एखाद्या आईला काय वाटले असेल? ते शब्द १९९४ मध्ये बदलले गेले. म्हणजे चिन्हाच्या गाभ्याशी काहीतरी खुपणारे आहे, याची जाणीव पुष्कळ उशिरा का होईना, झालीच.

त्या आयांनी मात्र १९९४ ची वाट पाहिली नव्हती. १९३३ साली ब्रिटनमधील स्त्रियांच्या सहकारी गिल्डने पांढऱ्या पॉपीची विक्री सुरू केली. या संघटनेतील कित्येक जणींचे पती, भाऊ, मुलगे युद्धात कामी आले होते. मृतांचे स्मरण आम्हीही करतो, पण ते पुन्हा युद्ध होऊ नये या प्रतिज्ञेसह करतो, असे त्यांचे म्हणणे. लवकरच पीस प्लेज युनियन या शांतिवादी संघटनेनेही ते फूल आपले मानले. पांढरी पॉपी सर्व देशांच्या, सैनिक आणि नागरिक अशा दोहोंच्या मृत्यूचे स्मरण करते, हे तिचे दुसरे वैशिष्ट्य. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर लाल फुलाने मॅक्रेची कविता तिन्ही कडव्यांसह स्वीकारली आणि पांढऱ्या फुलाने तिसरे कडवे गाळून पहिली दोन ठेवली.

पांढऱ्या फुलावरचे आक्षेप हलके नाहीत. त्याच्या विक्रीतून अपंग सैनिकाला औषधपाणी मिळत नाही. शिवाय ते लावणारा ‘लाल फूल लावणारे युद्धखोर’ असे न बोलताही सुचवून जातो, आणि ज्या म्हाताऱ्याने आपल्या पलटणीतल्या दोस्तासाठी ते लाल फूल लावले आहे त्याच्यावर हा अन्याय आहे. १९३९ साली जेव्हा हिटलरशी गाठ पडली तेव्हा ‘पुन्हा युद्ध नको’ ही प्रतिज्ञा किती पाळता आली असती, हाही प्रश्न उरतोच. १९८६ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी पार्लमेंटात पांढऱ्या फुलाविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली होती. नापसंतीचा त्यांना अधिकार होता. पण ज्या विधवांनी ते फूल प्रथम लावले त्यांचा शोक कमी प्रतीचा होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. एकाच मृत्यूवर दोन शोक उमटू शकतात, आणि दोन्ही खरे असू शकतात.

वाद जास्त कडू झाला तो फूल ऐच्छिक राहिले नाही तेव्हा. २००६ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ज्येष्ठ वृत्तनिवेदक जॉन स्नो यांनी बातम्या देताना कोणतेही चिन्ह लावणार नाही असे सांगितले. त्यावर गदारोळ उठला तेव्हा त्यांनी ‘पॉपी फॅसिझम’ असा शब्द वापरला. शब्द अतिरेकी होता. परंतु ज्याला तो लागू पडत होता ती प्रवृत्ती खरी होती. पडद्यावर दिसणारा प्रत्येक चेहरा, मैदानावर उतरणारा प्रत्येक खेळाडू फुलासह आहे की नाही, याची पाहणी होऊ लागली. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या फुटबॉल संघांनी पॉपी असलेल्या दंडपट्ट्या बांधल्या म्हणून फिफाने दोन्ही संघटनांना दंड केला, कारण राजकीय चिन्हांना बंदी होती. पुढच्या वर्षी नियमच सैल करण्यात आला. फूल राजकीय आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल खेळाच्या संघटनेने द्यावा, ही वेळ त्या फुलावर कोणी आणली?

याबाबत प्रत्यक्ष लढलेल्यांचे मत काय? ते एकमुखी नाही. पहिल्या महायुद्धातील खंदकांत लढलेला ब्रिटनमधील अखेरचा जिवंत सैनिक हॅरी पॅच २००९ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी वारला. स्मृतिदिनाचा सरकारी सोहळा म्हणजे निव्वळ देखावा, असे त्याचे मत होते. मित्र ज्या दिवशी मेले तो दिवस तो आपल्या मनाशी पाळी. दुसऱ्या महायुद्धात वायुदलात असलेले हॅरी लेस्ली स्मिथ यांनी २०१३ साली, यंदा मी पॉपी शेवटची लावणार, असे जाहीरपणे लिहिले. जुन्या युद्धातील मृतांची पुण्याई नव्या युद्धांच्या समर्थनासाठी खर्ची पडते आहे, हे त्यांना सहन होत नव्हते. याउलट, दरवर्षी न चुकता पदके आणि फूल लावून संचलनाला जाणारे हजारो वृद्ध सैनिकही होतेच. ज्यांनी भोगले त्यांच्यातच एकवाक्यता नसताना, ज्यांनी भोगले नाही त्यांनी इतरांच्या छातीवर फूल शोधत फिरावे हे औचित्याला धरून नाही.

आयर्लंडचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश लोक ब्रिटिश सैन्यात होते. आणि त्याच काळात, १९१६ च्या ईस्टर सणात, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. पुढे स्वतंत्र आयर्लंडात उठावातील हुतात्म्यांसाठी लिलीच्या फुलाचे चिन्ह आले आणि पॉपी लावणारा आयरिश माणूस संशयास्पद ठरू लागला. फ्लँडर्समध्ये मेलेल्यांच्या घरी फोटो कपाटात गेले. उत्तर आयर्लंडात तर फूल म्हणजे कोणत्या गल्लीचे तुम्ही, याची खूण झाली. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन येथे स्मृतिदिनासाठी जमलेल्या लोकांवर आयआरएच्या बॉम्बने घाला घातला आणि ११ जण ठार झाले. मृतांचे स्मरण करता करता माणसे मेली. त्या दिवसानंतर तेथल्या लाल फुलाला आणखी एक अर्थ चिकटला.

या पार्श्वभूमीवर जेम्स मॅक्लीन या फुटबॉलपटूची भूमिका वाचावी. तो डेरी शहरातील क्रेगन वस्तीत वाढला. ३० जानेवारी १९७२ रोजी त्या शहरात ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात जे निःशस्त्र लोक मारले गेले त्यांपैकी सहा जण या वस्तीचे. इंग्लंडच्या क्लबांकडून खेळताना मॅक्लीनने पॉपी असलेला सदरा घालण्यास नकार दिला आणि २०१४ साली आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून कारण सांगितले. फूल केवळ दोन महायुद्धांतील मृतांसाठी असते तर मी ते लावले असते. परंतु ते नंतरच्या सर्व संघर्षांतील ब्रिटिश सैनिकांसाठीही आहे, आणि त्यांत माझ्या गावाचा तो दिवसही येतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच्यावर वर्षानुवर्षे प्रेक्षकांतून शिव्यांचा भडिमार झाला. मला त्याच्या पत्रात अनादर कुठेही दिसत नाही. त्याने चिन्हाचा अर्थ इतरांपेक्षा अधिक काळजीपूर्वक वाचला होता, इतकेच. त्याच भूमीत दुसरी वाटही निघाली. ११ नोव्हेंबर १९९८ रोजी बेल्जममधील मेसीन येथे आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस आणि ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ एकत्र आल्या आणि आयरिश सैनिकांचे स्मारक खुले झाले. २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर आयरिश शॅमरॉकच्या पानावर बसवलेली पॉपी लावून संसदेत आले. वराडकरांचे वडील मुंबईचे आणि घराण्याचे मूळ गाव मालवणजवळचे वराड, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पान बदलले म्हणून फूल तेच राहूनही अर्थ बदलला. चिन्हे दुरुस्त करता येतात, याचा हा पुरावा.

आता आपल्याकडे वळू. ब्रिटिश अमदानीत पॉपी हिंदुस्थान आणि सिलोनमध्येही विकली जाई. सिलोनमध्ये १९३१ साली एलियन परेरा या माजी सैनिकाने प्रश्न विचारला की, जमलेला पैसा प्रामुख्याने इंग्लंडला जातो, तर आमच्या सैनिकांचे काय? त्याने त्याच दिवशी स्थानिक सूर्यमल, म्हणजे भेंडीच्या झाडाची पिवळी फुले विकण्यास सुरुवात केली. १९३३ पासून तेथील तरुण साम्राज्यविरोधकांनी ती चळवळ हाती घेतली आणि डोरीन यंग या इंग्रज बाईंनी वर्तमानपत्रात ‘फुलांची लढाई’ अशा मथळ्याचा लेख लिहून तिला पाठबळ दिले. फूल कोणाचे, पैसा कोणाला आणि स्मरण कोणाचे, हे तीन प्रश्न इतक्या नेमकेपणाने क्वचितच विचारले गेले असतील.

कारण स्मरण सर्वांचे सारखे झाले नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली, त्यांतली सुमारे ७४,००० परतली नाहीत. मराठी पलटणींचा मोठा वाटा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या कूटच्या वेढ्यात त्या उपाशी राहिल्या, आणि शरणागतीनंतर जे सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले त्यांत बहुसंख्य हिंदी होते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र ब्रिटिश शिपायांची नावे आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली, आणि सामान्य हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली केवळ एका आकड्यात मावला. २०२१ च्या एप्रिलमध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच्याच चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतील किमान १,१६,००० मृतांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतच्या मृतांचे, नावानिशी किंवा मुळीच स्मरण झाले नाही, अशी त्यात कबुली होती. कमिशनने आणि ब्रिटिश सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली.

२०१४ साली लंडनच्या टॉवरभोवतीच्या खंदकात ८,८८,२४६ चिनीमातीच्या पॉपी रोवण्यात आल्या. ब्रिटन आणि वसाहतींच्या प्रत्येक मृतामागे एक. त्या लाल पुरात कूटचा शिपाईही होता, असे म्हणायचे. पण ज्याचे नाव दगडावर नाही त्याच्या वाट्याचे फूल नेमके कोणते? चार वर्षांनी, २०१८ मध्ये, हिंदी सैनिकांची आठवण म्हणून ब्रिटनमध्ये खादीची पॉपी काढण्यात आली. हेतू चांगला होता आणि अनेक हिंदी वंशाच्या कुटुंबांना त्याने समाधान दिले. तरीही गांधीजींच्या चरख्याचे सूत आणि साम्राज्याच्या युद्धाचे फूल एकत्र विणले जाताना काहीतरी विसंगत घडते, असे वाटल्यावाचून राहत नाही. भारतात युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने शताब्दीच्या वर्षांत झेंडूचे फूल सुचवले. झेंडू आपल्या दाराशी आहे, त्याचा केशरी रंग त्यागाचा आहे आणि तो दसऱ्याच्या शस्त्रपूजेलाही चालतो. मला ही निवड अधिक समर्पक वाटते.

येथे माळव्याचा एक धागा विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून शिष्टमंडळासह बीजिंगला गेले असता, तेथे छातीवरची पॉपी काढून ठेवावी अशी सूचना त्यांना झाली. चीनला त्या फुलात अफूची युद्धे दिसत होती. कॅमेरून यांनी फूल काढले नाही. रानपॉपी आणि अफू यांचे झाड वेगळे, हे वनस्पतिशास्त्र बरोबर आहे. पण स्मृती वनस्पतिशास्त्रावर चालत नाही. आणि त्या काळी मुंबई बंदरातून चीनला जी अफू जाई तिचा मोठा भाग याच माळव्यातला, शिंदे-होळकरांच्या मुलखातला होता. एकाचे श्रद्धाचिन्ह दुसऱ्याची जखम असू शकते, आणि त्या जखमेत आपल्याही मातीचा अंश असू शकतो.

स्वतंत्र भारताने पॉपी सोडली आणि १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळायला सुरुवात केली. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा तो चिमुकला कागदी ध्वज आपण सर्वांनी टाचणीने लावलेला आहे. सरकारी नोकरीत असताना या दिवसाची दुसरी बाजूही मी पाहिली. वरून उद्दिष्ट यायचे, ते खालच्या कार्यालयांत वाटले जायचे, आणि ध्वजांचे गठ्ठे टेबलांवरून पुढे सरकायचे. निधी सैनिकांच्या विधवांपर्यंत आणि मुलांच्या शिक्षणापर्यंत पोहोचतो, म्हणून त्या यंत्रणेला नावे ठेवणे सोपे असले तरी योग्य नाही. पण ज्या कार्यालयात ध्वजाची रक्कम परस्पर वळती होते, तिथे स्मरणाचे काय होते? पैसा जमतो, आठवण जमत नाही. इंग्लंडच्या फुलाला सक्तीने जे केले तेच आपल्या ध्वजाला सवयीने केले.

चिन्ह साधेच असले पाहिजे, त्यात इतके अर्थ शोधू नयेत, असा एक प्रतिवाद नेहमी केला जातो. त्यात व्यवहारी शहाणपण आहे. कागदाच्या एका फुलाने इतिहासाचे सारे ओझे वाहावे ही अपेक्षा चूक. परंतु साधेपणा आणि एकच अर्थ लादणे यांत फरक आहे. उत्तम कविता साधी असते आणि तरीही प्रत्येक वाचकाला स्वतःचा अर्थ लावू देते. चिन्हाकडूनही तेवढेच मागायचे आहे. मला तीन कसोट्या पुरेशा वाटतात. चिन्ह न लावणाऱ्याला त्याचे कारण विचारले जाऊ नये. चिन्हातून आलेला आधार हयात असलेल्या जखमींपर्यंत पोहोचावा. आणि ज्यांच्यासाठी ते आहे त्यांची नावे कुठेतरी लिहिलेली असावीत. पहिल्या कसोटीवर लाल पॉपी आज डळमळते, दुसऱ्या कसोटीवर ती खणखणीत उतरते, पांढरीचे नेमके उलट होते. आणि तिसऱ्या कसोटीवर साम्राज्याची सारी स्मारके बसऱ्यापाशी अडखळतात.

आपली मराठी परंपरा या बाबतीत वेगळ्या वाटेने गेली. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताचे कोणतेही चिन्ह आपण अंगावर लावत नाही. तरी ‘पानिपत होणे’, ‘संक्रांत कोसळणे’ आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ हे आपण आजही सहज बोलून जातो. त्या पराभवाची स्मृती भाषेने वागवली, छातीने नव्हे. त्याउलट पानिपताने मराठीला जे दिले त्यातले काहीही कूटच्या वेढ्याने दिले नाही. लढाई आपली नव्हती म्हणून असेल. पण मेले ते आपलेच होते. साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या गावांतून, या गावातून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकी इतके मृत्यू पावले, असे सांगणाऱ्या शिळा ब्रिटिशांनी बसवल्या. त्यांवरही बहुधा आकडेच आहेत.

तेव्हा फूल लाल असावे की पांढरे, खादीचे असावे की झेंडूचे, याआधीचे काम नावांचे आहे. आपल्यापैकी अनेक घराणी शिंदे, होळकर, गायकवाड, निजाम यांच्या फौजांतून या प्रदेशांत स्थिरावली. ग्वाल्हेर संस्थानचे पायदळ पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत होते, हैदराबादचे घोडदळ पॅलेस्टाइनमध्ये होते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या परिसरात तर चार-चार पिढ्या पलटणीत गेलेली घरे आहेत. अशा घरांतल्या ट्रंकांत पेन्शनचे कागद, पदके, एखादे फाटके पत्र अजून सापडते. आपल्या मंडळाने ती नावे, गाव, पलटण आणि मृत्यूचे ठिकाण यांसह उतरवून घेण्याचे काम अंगावर घ्यावे, आणि या पत्रिकेच्या प्रत्येक अंकात त्यातली काही छापावीत, अशी माझी सूचना आहे. बसऱ्याच्या दगडावर जे कोरले गेले नाही ते निदान आपल्या कागदावर तरी येईल.